सवाईत पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन जाणार आहे, तयारी कशी करू?

मेणवली_घाट:

नमस्कार मंडळी. मी वाईची. तीन वर्षं झाली, लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं यांचे फोटो काढते, घर त्यावरच चालतं. एका छोट्या मराठी नियतकालिकाच्या संपादकांनी परवा फोन केला. पुण्यातल्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे यंदा फोटो काढशील का, पाचही दिवसांचा पास मिळतोय, असं विचारलं. मी लगेच हो म्हटलं आणि तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही.

सवाईला मी आजवर एकदाच गेले आहे, दुसरीत असताना आजोबांबरोबर, रमणबागेत. कोण गायलं ते आठवत नाही. थर्मासमधला चहा, सतरंजीचा वास आणि आजोबांच्या डोळ्यांतलं पाणी एवढं आठवतं. आजोबा आता नाहीत. त्यामुळे हे काम माझ्यासाठी नुसतं काम नाही.

माझ्याकडे सोनी ए६४०० आहे, १८-१३५ आणि ५० मिमी एफ १.८ या दोन लेन्स आहेत. ७०-२०० एफ २.८ भाड्याने घेईन. अडचणी अशा. लग्नात माझं सगळं काम फ्लॅशवर चालतं, इथे फ्लॅश चालणार नाही हे मला कळतं. शटरचा आवाज होतो, त्याचं काय करायचं? रोज सहा-सात तास, सलग पाच दिवस, हे जमवायचं कसं? आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे मला शास्त्रीय गाणं कळत नाही. घरी भजनं, अभंग होतात, तेवढेच कानावर आहेत. गाणं कळत नसताना फोटो चांगले येतील का?

ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.


चिंचवडहून_पंकज:

अभिनंदन ताई! मी एका पोर्टलसाठी दोन वर्षं सवाई केलं आहे, म्हणून नुसतं व्यवहाराचं सांगतो.

पासाबरोबर छायाचित्रकारांसाठी सूचना येतात, त्या दोनदा वाचा. कुठे उभं राहायचं, किती वेळ राहायचं हे त्यात असतं आणि तिथले स्वयंसेवक ते पाळायला लावतात. त्यांच्याशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. पाच दिवस तीच माणसं भेटणार आहेत.

स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे, तिथून मुकुंदनगरचं महाराष्ट्रीय मंडळाचं मैदान रिक्षाने दहा मिनिटांच्या आत येतं. गाडी आणूच नका, पार्किंग शोधण्यात पहिला कलाकार निघून जातो. मैदान असल्यामुळे धूळ असते, तेव्हा मंडपात उघड्यावर लेन्स बदलू नका. डिसेंबरात पुण्यात रात्री चांगलाच गारठा असतो. तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी लहान, किमान चार हव्यात, आणि राखीव बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. लेन्स भाड्याने घेणार असाल तर एक दिवस आधी घ्या आणि दुकानातच टॉर्च मारून आतून बघा. माझ्या वाट्याला एकदा आतून बुरशी धरलेली लेन्स आली होती. स्टेजवरचा प्रत्येक दिवा धुक्यात असल्यासारखा आला आणि ते मला रात्री घरी गेल्यावर कळलं.

खायचे स्टॉल भरपूर असतात, पण मध्यंतरात रांग लागते. डबा न्या.


रमणबाग_९१:

तुझं वय माझ्या मुलीएवढं दिसतंय, म्हणून अगं-तुगं करतो.

तू शेवटी जे विचारलंस तेच खरं आधी विचारायचं. गाणं कळत नसेल तर फोटो येतात का? येतात. पण ते कुणाचेही येतात, कलाकाराने तोंड उघडलंय, हात वर केलाय, मागे फुलांची सजावट आहे, असे. असे फोटो वर्तमानपत्रात रोज असतात. गाणं ऐकत काढलेला फोटो वेगळा असतो आणि तो ओळखू येतो. मात्र त्यासाठी तुला राग ओळखता यायची गरज नाही. तुला सम कळायला हवी, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, जिथे गाणारा आणि तबलजी एकत्र येतात. ती तीन आठवड्यांत कळेल, मी सांगतो तसं कर.

मी १९९१ साली पहिल्यांदा सवाईला कॅमेरा नेला. निकॉन एफएम२, एक १०५ ची लेन्स, आणि ट्राय-एक्सचे चार रोल. ४०० ची फिल्म १६०० ला ओढून धुवायची. चार रोल म्हणजे १४४ फोटो, अख्ख्या महोत्सवासाठी. तेव्हा बैठक रात्रभर चालायची, लोक शाली, कानटोप्या घालून उजाडेपर्यंत बसायचे आणि भीमसेनजी शेवटी, पहाटे गायला बसायचे. महोत्सव त्यांनीच १९५३ मध्ये सुरू केला, गुरू सवाई गंधर्वांच्या म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांच्या स्मरणार्थ. तिथे तू उभी राहणार आहेस, हे ध्यानात असू दे.

पहिल्याच रात्री माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगतो. एक ज्येष्ठ गायिका बसल्या होत्या. तंबोरे जुळले, त्यांनी षड्ज, म्हणजे 'सा', लावला, डोळे मिटले. पांढरी साडी, मागे काळोख, एका बाजूने दिवा. मी पुढे सरकून बटण दाबलं. एफएम२ चं शटर म्हणजे पूर्ण धातूचं, कडी घातल्यासारखा आवाज करतं. तंबोऱ्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, रागावल्या नाहीत, पुन्हा डोळे मिटले आणि षड्ज पहिल्यापासून लावला. पुढे बसलेल्या पाच-पंचवीस लोकांनी माझ्याकडे पाहिलं ते वेगळंच. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि त्यांचं गाणं संपेपर्यंत नुसता बसून ऐकलं. तो फोटो आलाही, नीट फोकसमध्ये आहे. मी तो कधी कुणाला दाखवला नाही.

त्या दिवसापासून माझा एक नेम आहे: तबला सुरू होईपर्यंत शटर नाही. आलाप, म्हणजे तबल्याशिवायची संथ सुरुवात, चालू असताना फक्त बघायचं. गाणारा हात कुठवर नेतो, मान कोणत्या बाजूला कलते, माइक चेहऱ्याच्या कोणत्या भागावर येतो, हे सगळं तेव्हा कळतं. ते बघून आपली जागा ठरवायची. वादकाचा आलाप-जोड तास-तासभर चालतो, तेव्हाही हेच. तुझा कॅमेरा आवाजाशिवाय फोटो काढू शकतो हे मला माहीत आहे, त्याबद्दल खाली लिहितो. पण त्यालाही घाई करू नकोस.

आता समेचं. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, बहुधा एकतालात असतो. बारा मात्रा. ठेका असा:

धिं धिं धागे तिरकिट तू ना
कत् ता धागे तिरकिट धी ना

हा आधी तोंडाने म्हणायला शीक, भांडी घासताना म्हण. विलंबित फार संथ असेल तर एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे एक आवर्तन, तालाचा एक फेरा, जवळजवळ मिनिटभराचं. 'तिरकिट' दोनदा येतं. पहिल्याच्या पुढे 'तू ना', दुसऱ्याच्या पुढे 'धी ना', आणि 'धी ना' झालं की सम. बहुतेक गाणारे शेवटच्या एक-दोन मात्रांत बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिच्या पहिल्या ओळीचा तुकडा, उचलतात आणि समेवर येऊन टेकतात. म्हणजे तुला चांगले काही सेकंद आधी सूचना मिळते. दुसरं 'तिरकिट' ऐकू आलं की कॅमेरा डोळ्याला, मुखडा उचलला की फोकस डोळ्यावर, समेला बोट. समेवर काय होतं? गाणाऱ्याचा हात खाली येतो, चेहरा सैल पडतो, तबलजी आणि गाणारा एकमेकांकडे बघतात, कधी दोघंही हसतात. तेवढ्यापुरताच तो चेहरा असतो. लग्नात तू अंतरपाट दूर व्हायची वाट बघतेस ना, 'सावधान' कधी येणार हे तुला पाठ असतं, तसंच हे आहे. फक्त इथे अंतरपाट दर मिनिटाला दूर होतो.

सराव कसा करायचा? अर्ध्या तासाचा एखादा बडा ख्याल लाव, कॅमेरा हातात घेऊ नकोस, समेवर नुसती टाळी दे. आठ दिवसांत दहातल्या सात टाळ्या बरोबर पडतील. मग तीनताल घे, सोळा मात्रा, द्रुतात, म्हणजे जलद लयीत, सम झपाट्याने येते आणि तिहाई नावाचा प्रकार भेटतो, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. तिसऱ्यांदा सुरू झालं की तयार राहा. तबला सोलोत आणि जुगलबंदीत याचा फार उपयोग होतो. आणि वाईत कुठल्याही देवळात भजन असेल तिथे जा, कॅमेरा घेऊन. पखवाजाचे हात आणि टाळकऱ्याची मान, सराव तोच. तुझे अभंगाचे कान तुला वाटतात त्यापेक्षा जास्त कामाला येतील.

जागेबद्दल. गायनाच्या बैठकीत साधारणपणे तबला गाणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे, आणि पेटी आपल्या उजवीकडे. तंबोरे मागे. गाणारा तबल्याकडे वळला की आपल्या डावीकडे वळणार, म्हणून डावीकडून चेहरा छान मिळतो आणि उजवीकडून पेटीवाल्याची दाद मिळते. सतारीची दांडी वादकाच्या डाव्या हाताला जाते, म्हणजे आपल्या उजवीकडे. उजव्या कडेला उभी राहिलीस तर दांडी आणि खुंट्या चेहऱ्यासमोर येतील. डावीकडे जा. बासरीवाला कोणत्या बाजूला धरतो ते तो बसल्याबरोबर बघ. संतूर वाजवणारे खाली बघतात, तिथे स्टेजच्या पातळीला राहिलीस तरच डोळे दिसतील.

उजेड. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर रात्रभराचं सवाई गेलं. आता दुपारी सुरू होतं आणि रात्री दहाला थांबतं, एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते. याचा परिणाम फोटोवर असा की पहिला कलाकार बसतो तेव्हा मंडपाच्या कडेने दिवसाचा निळा उजेड येत असतो आणि वर स्टेजचे पिवळे दिवे. गाल अर्धा निळा, अर्धा पिवळा. रॉमध्ये काढ, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नकोस, ४००० केल्विनच्या आसपास ठेवून दे आणि घरी येऊन एकदाच ठरव. सूर्य मावळला की सोपं होतं. एफ २.८, १/२००, आयएसओ ३२०० इथून सुरुवात कर. कुर्ता पांढरा, मागे अंधार, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो जास्त उजळ करतो. चेहऱ्यावरून एक्स्पोजर धर आणि मॅन्युअलवर ठेव. तबल्याचे हात गोठवायचे तर १/५००, पण एकदा १/६० वर काढून बघ. चाट, म्हणजे तबल्याची कड, स्पष्ट आणि बोटं धुरासारखी, तो फोटो ऐकू येतो.

आणखी एक, हे मला फार उशिरा कळलं. समेवर स्टेजकडे पाठ करून बघ. भारतीय बैठकीत हजारो माणसं गादीवर, सतरंजीवर बसलेली असतात आणि समेवर त्या सगळ्या माना एकदम हलतात. ज्यांना मात्रा मोजता येत नाहीत त्यांच्यासुद्धा. सवाई म्हणजे काय हे मला त्या फोटोत स्टेजपेक्षा जास्त दिसतं.

पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी शास्त्रीय संगीतातल्या थोरामोठ्यांची वर्षानुवर्षं छायाचित्रं काढली आहेत. ती निवांत बघ. चेहऱ्याभोवती किती कमी गोष्टी ठेवल्या आहेत ते बघ.


खर्ज_पंचम:

काकांनी इतकं छान लिहिलंय की मी स्टेजवरून दिसतं तेवढंच सांगते. मी गुरुजींच्या मागे तंबोऱ्याला बसते, सवाईतही बसले आहे.

मैत्रिणी, तुझ्या कॅमेऱ्यात फोकसला मदत म्हणून एक लाल-केशरी दिवा लागतो. तो बंद कर, आजच कर. आम्ही अंधारात बघत असतो आणि तो दिवा थेट डोळ्यात येतो. गुरुजींनी एकदा मध्यलयीत त्यामुळे डोळे मिटून घेतले आणि पुढचा अर्धा तास उघडलेच नाहीत. स्क्रीनचा उजेडही कमी ठेव, फोटो काढून लगेच बघू नकोस. आम्हाला वरून तुझा चेहरा निळा दिसतो.

पडदा सरकण्याआधी, तंबोरे जुळवताना फार सुंदर काही घडतं आणि ते कुणी काढत नाही. जवारी लावताना, म्हणजे तारेची गुंज नीट करताना, तारेखालचा दोरा केसाएवढा सरकवायचा असतो. गुरुजी कान लाकडाला लावून ऐकतात, आम्ही श्वास धरून बसतो. परवानगी मिळाली तर ग्रीनरूमच्या दारात पाच मिनिटं उभी राहा. विचारून काढ, एक-दोन काढ आणि निघ. गाण्याआधी कलाकाराशी बोलू नकोस, त्यांच्या डोक्यात सूर चालू असतो.

आणि एक विनंती. फोटोखाली नावं लिहिताना तबला आणि पेटीपाशी थांबू नकोस. निवेदक सगळ्यांची नावं घेतात, तंबोऱ्यावरच्यांचीही. लिहून घे. सवाईत मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझ्या आईने दुसऱ्या दिवशी तीन पेपर आणले. दोन फोटोंत मी होते, नाव कुठेच नव्हतं. आईने कात्रण जपून ठेवलंय आणि खाली पेनाने माझं नाव लिहिलंय.


मेणवली_घाट:

काका, ताई, पंकजदादा, मनापासून आभार. लाल दिवा बंद केला. एकतालाचा ठेका फ्रिजवर चिकटवलाय. कालपर्यंत दहात चार टाळ्या बरोबर पडल्या.

काका, तुम्ही आवाजाशिवायच्या शटरबद्दल लिहितो म्हणाला होतात. इथल्या देवळात भजनाला ते वापरून पाहिलं, तर एलईडीच्या उजेडात फोटोवर आडव्या काळ्या पट्ट्या आल्या. विणेकऱ्याचा हात पण वाकडा आला, केळ्यासारखा. कॅमेरा बिघडला आहे का?


रमणबाग_९१:

बरं झालं आधी केलंस. कॅमेरा ठणठणीत आहे. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावर चालणारे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एक ओळ वाचताना दिवा उजळ, पुढची वाचताना मंद, म्हणून पट्टे. हात तेवढ्यात हलला म्हणून वाकडा. १/१०० किंवा १/५० ठेवलंस तर पट्टे बरेच जातात, कारण दिव्याची पूर्ण उघडझाप त्यात मावते. पण स्टेजवरचे काही एलईडी दिवे आणि मागचा एलईडी पडदा स्वतःच्याच गतीने लुकलुकतात, त्यांना हा हिशोब लागू पडत नाही. म्हणून पहिल्या दिवशी लवकर जा आणि आवाजाची चाचणी चालू असताना रिकाम्या स्टेजचे दहा फोटो काढून मोठे करून बघ.

माझं मत: संथ गाणं, स्थिर चेहरा, तिथे आवाजाशिवाय, १/१०० वर. तबला चढला, द्रुत सुरू झालं की यांत्रिक शटर, एकेक फोटो. त्या वेळी तुझा आवाज डग्ग्याखाली झाकला जातो. मशिनगनसारखे फोटो काढू नकोस. वीस काढलेस तर वीस वेळा आवाज, आणि सम त्यातल्या दोहोंच्या मधेच निसटते.

पाच दिवसांच्या कामाबद्दल पंकजने लिहिलं नाही ते लिहितो. प्रत्येक कलाकाराला सगळा वेळ देऊ नकोस. एकाची सुरुवात, एकाचा मध्य, एकाचा शेवट. रोज एक कलाकार कॅमेरा पिशवीत ठेवून ऐक. रोज रात्री कार्डं दोन ठिकाणी उतरव, मगच झोप. मागे बसलेला माणूस तिकीट काढून आलाय, त्याच्या आणि स्टेजच्या मधे उभी राहू नकोस, गुडघ्यावर बस. गुडघ्याला पट्टा बांध, तिसऱ्या दिवशी आठवण होईल.

आणि शेवटच्या दिवशी घाईने सामान आवरू नकोस. सगळं गाणं संपल्यावर सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवायची प्रथा आहे, भैरवीतली. जुन्या तबकडीवरची, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. गाणारा माणूस १९५२ साली गेला. स्टेजवर कुणी गात नसतं. छायाचित्रकार तोवर निघून गेलेले असतात. तू थांब आणि लोकांकडे तोंड करून उभी राहा.


चिंचवडहून_पंकज:

काका, मी दोन्ही वर्षं तेव्हा पार्किंगकडे निघालो होतो. यंदा थांबतो.


मेणवली_घाट:

काल रात्री वाईला परत आले. पाच दिवसांत २,१०० फोटो झाले. त्यातले साठ संपादकांना पाठवले.

पहिल्या दिवशी दुपारी खरंच अर्धा गाल निळा होता. रिकाम्या स्टेजची चाचणी केली म्हणून कळलं की मागचा पडदा चालू असताना आवाजाशिवायचं शटर वापरायचंच नाही. पहिल्या दोन दिवसांत समा हुकल्या, मी थोडी उशिरा पोचायची. हात खाली येऊन गेलेला असायचा. तिसऱ्या दिवशी एक गायक बसले, मी दुसऱ्या 'तिरकिट'ला कॅमेरा उचलला आणि समेला एकच फोटो काढला. त्यात तबलजी हसताहेत, गायकांचा हात मांडीवर टेकतोय आणि मागे तंबोऱ्यावरची मुलगी डोळे मिटून आहे. बघितला नाही, पण मिळाला हे माहीत होतं. त्या रात्री आजोबांची फार आठवण आली.

ताई, सगळी नावं लिहून घेतली. तंबोऱ्यावरच्या एका मुलीचं नाव निवेदनात नीट ऐकू आलं नाही, म्हणून मध्यंतरात तिला शोधून विचारलं. तिने आडनावातला 'ळ' पण तपासून घेतला. जवारीचा फोटोही मिळाला. एका गुरुजींनी मान हलवून परवानगी दिली, दोन काढले आणि निघाले. दोऱ्यावर फोकस आहे, गुरुजींचा कान मागे अस्पष्ट आहे.

काका, शेवटच्या दिवशी थांबले. निम्मे लोक उठले होते, चपला शोधत होते. मग रेकॉर्ड सुरू झाली, आधी ती खरखर आणि मग आवाज. माझ्यापासून चार हातांवर एक आजी सतरंजी गोळा करत होत्या. अर्धी घडी झाली होती. आवाज आला तशा त्या थांबल्या. सतरंजीची दोन टोकं दोन्ही हातांत, छातीशी धरलेली, मान थोडी वर, पायात एकच चप्पल. पूर्ण रेकॉर्ड संपेपर्यंत त्यांनी घडी पुरी केली नाही. मी फ्रेम बांधली, १/६०, कारण उजेड कमी होता आणि त्या हलतच नव्हत्या. सुरुवातीला काढायचं धाडस होईना, इतकं शांत होतं. मग सूर वर गेला तेव्हा एक काढला.

संपल्यावर त्यांच्याजवळ गेले, फोटो दाखवला, छापू का म्हणून विचारलं. त्यांनी चष्मा लावून बघितला. "सतरंजी चांगली आली आहे," म्हणाल्या, "यांनी घेतली होती, सवाईसाठी." छापा म्हणाल्या. पत्ता दिलाय, छापील प्रत पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाठवते आहे.